पान २१७

डिसेंबरात तार्तूमध्ये साडेतीनलाच दिवे लागतात.
माइरे काळ्या पावाचा तुकडा कीबोर्डशेजारी ठेवते
आणि शोधपट्टीत तीन शब्द लिहिते.
चौदा हजार तीनशे निबंध.
एक शब्द बदलते. दोनशे बारा.
अवतरणचिन्हं घालते. शून्य.
शून्य बघून क्षणभर बरंच वाटतं तिला,
म्हणजे हे अजून कुणीच केलेलं नाही!
मग दिसतं, मधलं एक अक्षर सुटलंय.

विषय तसा घरगुतीच:
यंत्राच्या स्मृतीतलं काय टाकायचं, काय ठेवायचं,
चालू कामाला धक्का न लावता
केर कसा काढायचा.
आई फोनवर म्हणाली होती, यावर पदवी देतात?

मध्येच एक चौकट आडवी येते, दुकानाच्या फळीसारखी:
अठ्ठेचाळीस तास वाचा, एकोणचाळीस युरो.
माइरे सरळ लेखकालाच लिहिते, टोरांटोला.
तो दुसऱ्या दिवशी फुकट पाठवून देतो
आणि खाली विचारतो,
खरंच वाचणार आहात?

महिन्याअखेर नऊ निबंध उरतात.
नऊही एकाच खुंटीला टांगलेले:
लेपमेत्स, १९७४, पान २१७.
ओसाकाचा तेच म्हणतो, लिस्बनचाही तेच,
शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम.
खुद्द लेपमेत्स मात्र कुठेच उघडत नाही.
ओसाका कळवतं, आम्ही लिस्बनवरून घेतलं.
लिस्बनचे प्राध्यापक निवृत्त झालेत,
ऑलिव्हची झाडं लावतात म्हणे,
कागद कुणाकडे दिले ते आठवत नाही त्यांना.

ग्रंथालयातली हेल्वे,
बूट दाराशी काढून लोकरी मोज्यांत वावरणारी,
चष्म्यावरून बघते.
लेपमेत्स? तो तर इथलाच.
दुसऱ्या तळघरात असेल, रशियन मथळ्याखाली.

कळसा काखेतच होता.
वळसा तेवढा ओसाकापर्यंत गेला.

करड्या पुठ्ठ्याचं चोपडं.
टंकलेखित, जांभळी शाई, कडेला पाणी लागलेलं.
मागच्या खिशातल्या चिठ्ठीवर शेवटची तारीख १९८१.
एकूण पानं एक्काहत्तर.
दोनशे सतरावं पान
या पुस्तकानं जन्मात पाहिलेलं नाही.

ते वाक्य सतराव्या पानावर आहे.
कुणाच्या तरी हातून एक दोनचा आकडा सांडला असेल,
रात्री उशिरा, थकव्यात,
मुदत सकाळी संपत असताना.
त्यात काय एवढं.
पण पुढची चाळीसेक वर्षं
माशीच्या जागी माशी,
नीट, पंख मोजून.

आणि त्या वाक्याला लागून अजून एक वाक्य आहे,
जे कुणीच उचललं नाही:
हे आम्ही फक्त कागदावर करून पाहिलं;
त्या आठवड्यात यंत्र बंद होतं.

माइरे मोठ्यानं हसते.
हेल्वे ओठांवर बोट ठेवते,
तळघरात दोघीच असूनसुद्धा.

रात्री ती स्वतःची यादी उघडते.
त्र्याऐंशी संदर्भ.
शेजारी एक नवा रकाना आखते: वाचला?
पहिल्या चारांपुढे बेधडक हो.
पाचव्याशी हात थांबतो.
सारांश वाचला होता. म्हणजे, सारांशाचा अर्धा.
सहाव्याचं नाव आवडलं होतं.
सातवा मार्गदर्शकांनी सांगितलेला, ऊर्मासनी,
आणि त्यांनी तरी...
हा प्रश्न ती पुरा करत नाही,
पाव खाते, शिळा झालाय.

खाली बर्फ काढणारी गाडी
रस्त्याची एक बाजू चालू ठेवून
दुसरी साफ करत जाते.

तीन वाजता एकतीस उरतात.
ऊर्मास म्हणतील, फारच थोडे आहेत.
म्हणू देत.
लेपमेत्सपुढे ती लिहिते, पान १७,
आणि ते दुसरं वाक्यही, पूर्णविरामासकट.

मात्र त्या आठवड्यात
यंत्राला नेमकं झालं काय होतं,
याचा संदर्भ
अजून सापडलेला नाही.