फायली, ऑक्टोबर

गावाचं नाव फायली.
विद्याधर दर वर्षी तोच विनोद करतो:
तीस वर्षं लीड्सच्या कौन्सिलात हिनं फायली उपसल्या,
आता सुट्टीलाही फायलीच.
मी दर वर्षी हसते. यंदा जरा उशिरा हसले,
मागच्या सीटवर अर्नेस्टपंत धापा टाकत होते
आणि मी त्या मोजत होते.

तो आमचा नव्हे खरं तर. शेजारच्या डोरीनबाईंचा.
त्या गेल्यावर मुलगा कॅनडातून आला,
घर विकलं, पडदेसुद्धा विकले,
आणि कुत्रं आमच्या दारात उभं करून म्हणाला,
दोनेक आठवडे ठेवाल का?
त्याला आठ वर्षं झाली.

कॅरव्हॅनच्या फ्रिजवर भरती-ओहोटीचं कोष्टक,
त्याला लागून गोळ्यांचं:
सकाळी सांध्यांची, दुपारी हृदयाची,
रात्री अर्धी, चीजमध्ये लपवून.
चीज खातो. गोळी जिभेनं वेगळी काढून
चटईच्या कोपऱ्यावर ठेवतो,
हॉटेलात टीप ठेवावी तशी.

उतारावर मागच्या पायांखालून टॉवेल घ्यायचा
आणि दोन्ही टोकं धरून चालायचं.
विद्याधर पुढे पट्टा घेऊन, मी मागे.
जिन्यावरून कपाट उतरवताना बोलतात तसं बोलतो आम्ही:
जरा डावीकडे. सावकाश. टेकव, टेकव.

वाळू लागली की तो सुटतो.
सुटतो म्हणजे उभा राहतो.
पूर्वी त्याची चाहूल लागली
की सीगलांचा अख्खा थवा उठायचा,
कुणी ओली चादर झटकल्यासारखा.
आज एकही हलला नाही.
एकानं मान वळवून पाहिलं
आणि पुन्हा खेकड्यात चोच घातली.
तो भुंकला. एकदाच.
मग माझ्याकडे बघितलं: भुंकलो ना?
हो रे बाबा, भुंकलास.

आला तेव्हा त्याला मराठी कळत नव्हतं.
'ये' म्हटलं की कुंपणापलीकडे बघायचा.
पुढे सगळं कळायला लागलं,
'नको', 'थांब', 'अरे देवा'सुद्धा.
आता कान गेले,
दोन्ही भाषा सारख्याच लांब.
मी बोलते तरी. तो ओठांकडे बघत राहतो,
खाऊ असेल तिथे, म्हणून.

सहाला दाराला नाक लावतो.
मी नाइटीवर कोट चढवून बाहेर. अंधार, गार वारा,
आणि त्याचं एकेका गवताला हुंगणं.
जागा ठरेपर्यंत फटफटतं.
मी गुहागरची. आमच्याकडे समुद्र सूर्य गिळतो,
इथला तो बाहेर काढतो.
चाळीस वर्षं झाली तरी मला हे
उलटा घातलेल्या सदऱ्यासारखं वाटतं,
शिवण वर आलेलं.
त्याला काय. तो पाठमोरा,
पाय थरथरताहेत, काम चालू आहे.
मी दुसरीकडे बघते. वयस्कर माणसाला
एवढा मान द्यावा.

निघायच्या दिवशी ऑफिसात पुढच्या वर्षीचा फॉर्म.
तोच आठवडा, तीच कॅरव्हॅन, आगाऊ चाळीस पौंड.
माणसं: दोन.
'कुत्रे' या शब्दापाशी विद्याधरचं पेन थांबलं.
मग त्यानं आकडा लिहिला, मराठी,
घरच्या हिशेबाच्या वहीत लिहितो तसा.
बाई चष्मा वर करून म्हणाली, नऊ?
नऊ कुत्रे नाही हो घेता येत आम्हाला.
तो काही बोलेना. मीच म्हटलं,
एकच आहे. आमच्याकडे एक असा काढतात.
तिनं शेजारी उभी रेघ ओढली
आणि पावती फाडली.

'रद्द केलं तर परत मिळत नाहीत पैसे,'
गाडीपाशी तो म्हणाला.
'नकोतच,' मी म्हटलं.
'टॉवेल धर. आधी पुढचे पाय.'