पलीकडची पत्रं

पत्र अठरा दिवसांनी यायचं.
ठाण्याच्या कोलशेतहून मुंबईला, तिथं कुणाच्या तरी टेबलावर,
मग भिवंडीच्या टपालात, मग तरीवर,
मग समोरच्याच काठाला, आमच्या काल्हेरला.
छावणीतला बिगुल मात्र लगेच यायचा,
खाडी ओलांडून, आय चूल पेटवायच्या आत.

ती. मातोश्रींस बालके चाहूचा शिरसाष्टांग नमस्कार.
वाचायचे तरीवरचे कारकून, इब्राहिम फक्की,
पावतीबुक मांडीखाली दाबून.
शाई फासलेली तिथं ते अडत नसत.
प्रामाणिक माणूस, दिसेल ते वाचणार:
"आम्ही सर्व मुले काळं येथे खुशाल आहोत.
संध्याकाळी समोर काळं दिसतो.
बूट चावतात. वजन सहा पौंड वाढले."
सहा पौंड म्हंजे किती, आय विचारायची.
तीन शेर धरा, फक्की म्हणायचे.
ती तोलून बघायची, रिकाम्या हातानं.

एक अख्खं पान गाठींबद्दल.
गाठी आपल्याच आहेत, बा बांधतो त्याच,
इथे त्यांना इंग्रजी नावं ठेवलीत.
हात बांधतो, तोंड अडकतं.
यावर बा महिन्यात पहिल्यांदा हसला.

तीन महिने गेटाबाहेर सोडत नव्हते.
आमच्या बांधावरून पोरं दिसायची,
काड्यांएवढी, पांढरी, दोन्ही हातांत निशाणं.
त्यातला आपला कुठला, कळायचं नाही.
मी आठ वर्षांची.
आयच्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे घेऊन उभी राह्यले,
त्यांनी केलं तसं केलं.
काय बोलले, कुणास ठाऊक.
पुढच्या पत्रात यातलं काही नव्हतं.
किंवा असेल, काळ्याखाली.

मग एका रात्री बा जाळं घेऊन गेला
आणि होडी सैल सोडली,
वाहत वाहत त्या काठाला लागेपर्यंत.
पहारेकऱ्यानं बॅटरी मारली, ओरडला.
बा नाव सांगू शकला असता.
तो खोकला.
त्याचा तो बिडीचा, तीन पायऱ्यांचा खोकला,
गावातली कुत्रीसुद्धा ओळखायची.
आणि वल्हं मारत परत आला.

अठरा दिवस.
शिरसाष्टांग नमस्कार.
अगदी तळाशी, शाई न लागलेलं:
"बास सांगणे, खोकल्यावर अडुळसा घ्यावा.
रात्रीचे पाण्यावर जाऊ नये."
फक्कींनी चष्मा काढला, पुसला नाही, पुन्हा घातला.
बा उठून होडीकडे गेला.
तिथं त्याचं काही काम नव्हतं.

जहाजावर चढला आणि पत्रांतलं काळं संपलं.
समुद्र आहे. ठीक आहे. पुन्हा समुद्र आहे.
बिगुल रोज वाजायचा, दुसऱ्यांच्या पोरांसाठी.

सेहेचाळीसचा शिमगा झाल्यावर चाहू आला.
बूट काढून ओटीवर ठेवले
आणि रेतीच्या होडीवर लागला.
नंतर त्यानं कुणालाच कधी पत्र लिहिलं नाही.

तोवर मी चौथीत. पत्रं माझ्याकडे, पत्र्याच्या डब्यात.
विचारलं, दादा, इथं काय होतं रे?
त्यानं कागद उजेडाला धरला, बराच वेळ.
"डालीत खडे हायेत, असं आसंल."

पण आमच्या बाईंनी लिंग-वचन पक्कं करून घेतलेलं.
खडे दिसतात. डाळ दिसते.
समोर काहीतरी दिसतो:
एकच आहे, पुल्लिंगी आहे, संध्याकाळी आहे.
तो पेन्सिल दाबून लिहायचा.
मी कागद उलटा केला, मागून बोट फिरवलं,
उलट्या अक्षरांचे उंचवटे चाचपत.
आ. मग प. मग फाटलेलं.
मग दि.

रॉकेल रेशनचं होतं.
आय माजघरात होती, तिला काही सांगितलं नाही.
खाडीकडच्या खिडकीतली वात
थोडी वर केली.