तळ्यातली काठी

हेन्टीस बेला, जुन्या सामानाच्या दुकानात
तांगेनीने घासाघीस करून काठी घेतली.
दुकानदार म्हणाला, तळ्यातली आहे ही,
समुद्र मानवायचा नाही हिला.

नाहीच मानवला.
आठवड्यात कड्यांवर गंज,
त्यावर घासून तंगूस तुटला,
मासा गेला. गळही.

मग पगारागणिक एकेक कडी,
शेंड्याची सगळ्यात आधी.
दोरा घट्ट गुंडाळून
वर बहिणीचं नेलपॉलिश, जांभळं;
मुठीला सायकलची फाटकी ट्यूब.
रीळ मात्र अजून तेच, कुरकुरतं.

इथे मागे वाळवंट, गोडं पाणी मोजून.
तरी रोज रात्री एक मग काठीच्या अंगावर.

"आणि तू?" न्डापेवा विचारते.
खाऱ्या हातांनीच तो पाव मोडतो.
"मी कुठे तळ्यातला?"