कडेचे आकडे

नळाचं पाणी सात अंशांवर.
पुंता अरेनासमध्ये डिसेंबरातही ते फारसं बदलत नाही,
म्हणून किटली, बादली, थर्मामीटर,
आणि वीस अंश येईपर्यंत
गरम-गारात लवाद मी.

न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी, दाराखाली टॉवेल.
अंधारात रीळ अडलं, चौथ्या वेढ्याला.
आई नुकतीच आंघोळ करून गेलेली, भिंती घामेजलेल्या,
आणि ओल लागली की रीळ फिल्म गिळत नाही,
हट्टी पोरासारखं तोंड मिटून घेतं.
ओढायचं नाही. ओढलं की चंद्रकोरी उमटतात,
नखाएवढ्या, नेमक्या कुणाच्या तरी गालावर.

हे म्हाताऱ्या फिदेन्सियोनं शिकवलं.
एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये,
अजून बोटांना व्हिनेगरचा वास.
तो म्हणतो, रोल खोटं बोलत नाही,
तक्रार मात्र स्वतःच्या भाषेत करतो.
गोल, नितळ ठिपके दिसले
तर टाकी आपटली नाहीस, बुडबुडे बसून राहिले.
भोकांपासून पट्टे निघाले तर,
पोरी, किती घुसळलंस, लोणी निघणार होतं का?
आणि दुधाळ राहिली असेल तर रडू नकोस,
फिक्सर थकलाय, ताजा कर, पुन्हा बुडव.
सगळ्या तक्रारींत एवढ्या एकीलाच
उशिराही उपाय आहे.

रोल रेनानचा होता.
खेकड्यांच्या बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी
त्यानंच भरला, वाऱ्याकडे पाठ करून.
वारा सुटला की इथे रस्त्याच्या कोपऱ्यांवर दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
त्या दोराला धरून आई, रुमाल उडालेला,
एक डोळा मिटलेला, शिव्या देत, हसत.
छत्तीस झाले तरी लिव्हर अडला नाही.
"बघ, फुकटचे फोटो!" तो म्हणाला.
मीही हसले.
मी, जिला तेव्हाच कळायला हवं होतं.

टाकी उघडली. फिल्म काचेसारखी,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
फिदेन्सियोनं हातातही घेतली नाही.
"आकडे?"

होते. कडेनं, बारीक, काळे, एकापासून छत्तीसपर्यंत,
कारखान्यानं उजेडानं लिहिलेले,
माझ्या डेव्हलपरमध्ये जागे झालेले.
औषध मेलेलं असतं तर ते उठले नसते.
फिक्सर आधी ओतला असता तरी नसते.
म्हणजे मी निर्दोष.
असली सुटका शत्रूलाही मिळू नये.

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात;
इथे अंगण सरळ होतं, नाचही झाला,
फक्त फिल्मची जीभ पलीकडच्या चक्रात
धरलीच गेली नव्हती.
पडदा उघडला, मिटला, आणि आई
पुन्हापुन्हा त्याच बोटभर शेंड्यावर पडत राहिली,
जो भरतानाच उजेडानं माखला होता,
आणि जो मी रिळावर चढवण्याआधी
सवयीनं कापून टाकला होता.

रविवारी बोटीवरून फोन. खरखर, मग तो.
"काय निघालं?"
"डेव्हलपर जुना होता रे. माझीच चूक."
खरखर.
"कडेचे आकडे दिसले?"
फिदेन्सियोचा शिष्य तो माझ्याआधीचा,
हे मी विसरले होते.
"नाही," मी म्हणाले.
"बरं," तो म्हणाला, जरा थांबून,
आणि मग किती खेकडे, किती थंडी, वगैरे.

बटाटे सोलता सोलता आई ओरडली,
"त्याला सांग, दोर कुठे पळत नाही!"

रात्री कचऱ्याची बादली उपसली.
सालींखाली सापडला शेंडा, राखाडी, ओला.
धुतला. चिमट्याला टांगला.
मग कोरी फिल्म सहा-सहाच्या पट्ट्यांत कापली,
नेहमीसारखी, तारीख घालून पाकिटात सरकवली.
सहा कप्पे भरले.
सातव्यात तो.