शंभर ओमचा फरक

डंडीत फेब्रुवारीत पाचच्या आत दिवे लावावे लागतात.
शाल्मलीची गणिताची वही बाजूला सारून
जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.
सॉफ्टवेअर फुकट होतं.
पांढरी पाटी, तिच्यावर राखाडी ठिपके,
रांगोळीच्या कागदाने पाडावेत तसे.

काम साधं.
खालच्या मजल्यावरच्या ॲलिस्टर पेट्रींच्या
खेळण्यातल्या रेल्वेला एक फाटक आहे,
फाटकावर दोन तांबडे दिवे हवेत,
एक विझला की दुसरा लागावा. बस्स.
"तू शिकलीयस ना हे?" त्यांनी जिन्यात विचारलं.
शिकले होते. कराडला, पॉलिटेक्निकला, चौऱ्याण्णव साली.
नंतर हातात सोल्डरिंगची बंदूक आली नाही,
आला तो शाळेच्या कँटीनमधला डाव.

सरावाला आधी बॅटरीला एकच रेझिस्टर जोडला.
चालू केलं.
म्हणालं, ग्राउंड नाही.
आता इथं कुणाला वाटेल, ही मातीबद्दल बोलणार,
दूर देश, मुळं, डोळ्यांत पाणी.
तसं काही नाही.
शून्य कुठून मोजायचं, एवढंच विचारत होतं ते.
बॅटरीच्या खालच्या टोकाला त्रिकोण लटकवला,
म्हटलं, इथून मोज.
गप्प झालं.

मग ते एम.
मी एक एम लिहिलं, मेगा समजून,
त्याने वाचलं मिली.
नऊ व्होल्टच्या बॅटरीतून
नऊ हजार अँपिअर!
एवढ्यात टेबल, वही, मी, कुणी उरलं नसतं.
पडद्यावर एक बारीक हिरवी रेघ,
थंडगार.
ना धूर, ना तो जळका वास,
ना लॅबमधल्या शिपायाची शिवी.
चूक इतकी स्वस्त कधी मिळाली नव्हती.

शेवटी दोन ट्रान्झिस्टर मांडले समोरासमोर, व्याह्यांसारखे.
दोन कपॅसिटर तिरपे, वर चार रेझिस्टर,
आकडे जोडीजोडीने सारखे, चिन्हं तोलून मापून.
इतकं देखणं सर्किट मी जन्मात काढलं नव्हतं.
ते चालेना.
दोन्ही दिवे लागलेले, दोन्ही रेघा सपाट,
आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही,
उंबऱ्यावर खोळंबलेत दोघं.
बॅटरी शून्यावरून हळूहळू चढवून पाहिली,
तर पायऱ्याही बरोबरीने चढले.

रात्री अकराला टे नदीवरून शेवटची कुठलीशी गाडी गेली
आणि कोपर्डेकर सर आठवले.
डब्यातले रेझिस्टर एकेक मोजायला लावायचे.
छापलेला सत्तेचाळीस हजार,
भरायचा कधी शेहेचाळीस, कधी साडेअठ्ठेचाळीस.
यापेक्षा आमचा भाजीवाला बरा, आम्ही म्हणायचो.
सर म्हणायचे, हसू नका, त्याच्यावरच चालतंय सगळं.
परीक्षेला आलं नाही, म्हणून विसरले होते.

उजवीकडच्या सत्तेचाळीस हजारांत
शंभर ओम मिसळले. चिमूटभर.
थोडा वेळ काहीच नाही.
मग हिरवी रेघ जराशी कलली,
निळी तिच्याहून जरा जास्त,
आणि एकदम
खाली, वर, खाली, वर,
पडद्याच्या कडेपर्यंत.
मी एकटीच टेबलावर ताल धरून बसले.

सकाळी तो आलेख कागदावर छापून खाली नेला.
पेट्रींनी चष्मा लावला, कागद लांब धरला,
काही बोलले नाहीत.
फडताळातून तंबाखूचा पत्र्याचा डबा काढला,
घड्याळाच्या कारखान्यातून कधीकाळी खिशातून आणलेले रेझिस्टर,
अर्ध्यांचे रंग उडालेले.
मीटर शोधू लागले.
"थांब, एकसारखे निवडून देतो."

नको, म्हटलं.
न बघता काढा.