उपाशीपोटी

उदगीरच्या मोंढ्यामागं झेरॉक्सचं एक दुकान.
बुधवारी आठ वाजता शटर अर्धं खाली यायचं
आणि आम्ही वाकून आत शिरायचो.
"वाका, वाका," शिवलिंगप्पा म्हणायचे,
"लिहिणाऱ्याला वाकायची सवय पाहिजे,"
आणि हसता हसता स्वतःच कपाळ आपटून घ्यायचे.

मशीन दिवसभर राबून गरम असायचं.
चहाचे कप त्याच्यावरच.
मुक्ता ओरडायची, डाग पडला तर भरून कोण देणार?
कुणीच दिलं नसतं.

गुलनार बाजी, उर्दू शाळेतून रिटायर,
एखादा शब्द खोटा वाटला की चष्मा काढून पुसायच्या,
बोलायच्या नाहीत.
शिवलिंगप्पांचं खताचं दुकान,
पावतीबुकाच्या पाठकोऱ्या बाजूला
वचनासारखं काहीतरी.
आणि धम्मपाल, घड्याळं दुरुस्त करणारा.
तो काहीच लिहायचा नाही.
ऐकायचा फक्त, एक डोळा मिटून,
दुसऱ्यावर भिंग असल्यासारखा.

मी लॅबमध्ये रक्त काढते.
हाताला स्पिरिटचा वास,
पिशवीत एका कथेची सतरा पानं:
देवणीची एक गिरणीवाली,
पिठाच्या वासावरून घर ओळखणारी.

कथा तीनदा परत आली.
तिसऱ्यांदा तर सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती.
त्या रात्री सतरा पानं बंबात घातली.
आंघोळीपुरतंही पाणी तापलं नाही.

मग चार बुधवार मी गेले नाही.
फोन वाजला की पालथा ठेवायची.

पाचव्या बुधवारी सकाळी सात वाजता
लॅबच्या बाकड्यावर ओळीनं चौघं.
"शुगर बघायचीय," अप्पा म्हणाले, "उपाशीपोटी आलोय सगळे."
"का करलालीस गं तू?" मुक्ता म्हणाली.
मी टोकन दिलं तिला, एक नंबर.

दंडाला पट्टा बांधताना ती बोलायला लागली:
ज्वारीचं पीठ ऊन ऊन हाताला लागलं
की तुझ्या त्या बाईला माहेर आठवायचं.
मी म्हटलं, मूठ आवळ.

बाजींची नस सापडेना.
"नक्को घबरा बेटा, सुई तेरी है, हाथ मेरा,"
आणि त्याच आवाजात पुढं,
कुणाच्या घरी दळण आलं नाही आज
हे मोजत ती बाई दाराशी बसायची, तो तुकडा,
जवळजवळ जसाच्या तसा.

अप्पांनी मधलं सगळं चुकवलं.
गिरणीचा पट्टा तुटतो तो प्रसंग आधी सांगितला,
नवरा मरतो तो नंतर.
खरं तर तसंच बरं वाटलं ऐकायला.

शेवटी धम्मपाल.
शर्टाची बाही दुमडली, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं.
"हे सात मिनिटं मागं आहे," म्हणाला.
मग थांबून:
"गिरणी बंद पडली,
पण तिच्या कानात ती रात्रभर दळत राहिली."

मी असं लिहिलं नव्हतं.
मी लिहिलं होतं, गिरणी बंद पडल्यावर तिला झोप लागेना.

नळीच्या लेबलवर नाव लिहायचं असतं, वय, वेळ.
मी 'कानात ती रात्रभर' लिहिलं,
मग लेबल सोलून वहीत चिकटवलं
आणि दुसरं घेतलं.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन मीच गेले.
तिघांचे ठीक.
अप्पांची शुगर दोनशे अडतीस.
"बघा," ते बाजींना म्हणाले, "कथेच्या नादात जीव वाचला,"
आणि त्यांच्या कपातला चहा मुक्तानं काढून घेतला.
तिनं कोरी सतरा पानं मोजून दिली.
पैसे लावले. सुट्टे मागितले.

आता ती ओळ कथेत आहे.
ही तुझी, मी धम्मपालला म्हटलं.
तो म्हणाला, "तुम्हीच वाचली होती की. दिवाळीच्या आधी."
वाचली असेल.
पानं तर जळाली, आता कोण सांगणार.

कथा परवा चौथ्यांदा पोस्टात टाकली.
बुधवारी अप्पा बिनसाखरेचा चहा पितात
आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करतात.
मी वाचत असले तरी.