वीस कॅप्सूल

आधी कबूल करतो :
फिलोमिनाबाईंना गजकर्णाची ट्यूब मीच दिली.
एकदा नव्हे, दोनदा.
गुडघ्यामागे तांबडं वर्तुळ, बशीएवढं,
फ्रॉक जरा उचलून त्यांनी दाखवलं
आणि मी काउंटरमागून न वाकताच म्हणालो,
घाम हो, मे महिना.
मालाडमध्ये गोल दिसलं की गजकर्ण,
इतका सोपा आमचा भूगोल.

वर्तुळ ऐकेना.
खाजत नव्हतं, दुखत नव्हतं,
नुसतं रुंदावत होतं,
मधे फिकट, कडेला पुन्हा लाल,
विहिरीत खडा टाकून कोणी निघून गेल्यासारखं.

मी न विचारलेलं गद्रे डॉक्टरांनी विचारलं :
कुठे गेला होतात?
लेकीच्या बाळंतपणाला. कनेटिकट.
घरामागे गवत, गवतापुढे रान,
संध्याकाळी बाबागाडी घेऊन तिथवर.
हरणं दिसायची, अगदी अंगणात.
गोचीड नाही दिसली.
खसखशीच्या दाण्याएवढी असते म्हणे,
आणि ह्या बाईंनी जन्मभर खसखस निवडलेली.

चिठ्ठी आली : डॉक्सी शंभर, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस.
रक्त तपासू नका,
इतक्या लवकर रक्त काही बोलत नाही.
वर्तुळ हीच सही.

वीस कॅप्सूल. दोन पट्ट्या.
कागदी पिशवी त्यांनी तळहातावर तोलली.
"एवढंच?"

कळलं मला.
आपण इथे औषध महिन्यांनी मोजतो.
त्यांच्या जोसेफनं टीबीच्या गोळ्या घेतल्या नऊ महिने,
मी सहा,
केशरी लघवी, कॅलेंडरवर फुल्या,
बरं होणं म्हणजे भिंतीवरची बारा पानांतली सहा पानं.
दहा दिवसांत आमच्या सोसायटीत
नळाचा वॉशरसुद्धा बदलत नाहीत.

पुरतं, म्हणालो. लवकर सापडलं तर पुरतं.
म्हणालो आधी, वाचलं नंतर, रात्री :
दहा दिवसवाले आणि वीस दिवसवाले
वर्षभरानं शेजारी शेजारी उभे केले
तर कोण कुठला ओळखू येत नाही.
बहुतेक सगळे बरे.
"बहुतेक" ह्या शब्दापाशी पंखा जरा जास्तच वाजत होता.

नियम सांगितले : पेलाभर पाणी, लगेच आडवं व्हायचं नाही,
दुधाबरोबर नको, उन्हात नको.
"उन्हात नको?"
गच्चीवर बाटली मसाल्याची मिरची पसरलेली,
पावसाच्या आत कांडून बाटल्यांत ठासायची.
मग त्या दहा दिवस जिन्याच्या सावलीत बसून
भाच्यावर ओरडत राहिल्या,
उलट रे, ती कड उलट.

वर्तुळ विरलं.
अकराव्या दिवशी त्या दुकानात.
"अजून दहा दिवसांच्या दे."
गुडघा जड आहे. दुपारी उठवत नाही.
काहीतरी आत उरलंय.

पट्टी माझ्या हातात होती.
चिठ्ठी कोण बघतंय.
मला ट्यूब आठवली.
म्हणालो, थकवा उरतो काहींना,
पण तो ह्या गोळ्यांना जुमानत नाही.
मिरची कांडून झाली तरी
घरात खोकला उठत राहतो ना, तसं.
गुडघा डॉक्टरांना दाखवा.
त्या हसल्या नाहीत.
"ट्यूब देताना एवढा शहाणा नव्हतास."

समोरच्या मेडिकलमध्ये गेल्या का, माहीत नाही.
मी मुद्दाम शटरकडे पाठ करून
खोकल्याच्या बाटल्या लावत बसलो.

ऑगस्टमध्ये भाचा येऊन
तपकिरी बाटली ठेवून गेला, तोंडाला फडकं बांधलेली.
निरोप नाही.
उघडली तर दुकानभर शिंका,
एक गिऱ्हाईक औषध न घेताच पळालं.

आता कोणी गोल दाखवलं
की मी काउंटरबाहेर येऊन वाकतो,
विचारतो, कुठे गेला होतात?
बहुतेक जण म्हणतात,
आम्ही कुठे जाणार.